झुंबर, शिळा आणि आमचे गॅदरिंग

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नाटक-संगीतावर लिहावे हे काही प्राध्यापकांना आगाऊपणाचे वाटेल. त्यांना आधीच सांगून टाकतो की यमन आणि भूप यांतला फरक मला ओळखता येत नाही, आणि हा लेख वाचूनही कोणाला तो ओळखता येणार नाही. मला लिहायचे आहे ते गाण्याविषयी थोडे आणि ऐकणाऱ्यांविषयी अधिक. निमित्त असे, की आपल्या महाविद्यालयात नव्या सभागृहासाठी निधी गोळा होत आहे. मीही पावती फाडली आहे. पैसे दिले म्हणजे दोन शब्द बोलण्याचा हक्क येतो, एवढे आम्हा कॉमर्सवाल्यांना कळते!

गेल्या डिसेंबरात आतेबहिणीच्या लग्नासाठी देवासला गेलो. बेळगावहून मुंबई आणि तिथून रात्रीच्या गाडीने इंदूर असा प्रवास. मध्ये मुंबईत एक मुक्काम होता. माझा चुलतभाऊ तिथे बँकेत आहे. त्याने कौतुकाने दोन तिकिटे काढून ठेवली होती, ‘रॉयल ऑपेरा हाऊस’ची. चर्नी रोड स्टेशनहून चालत पाच-सात मिनिटांचा रस्ता. ‘ऑपेरा हाऊस’ हे बसच्या थांब्याचे नाव आहे एवढीच माझी समजूत होती. तिथे खरोखरीचे ऑपेरा हाऊस आहे आणि आत लोक अजून गातात, हे मला ठाऊक नव्हते.

आत पाऊल टाकल्यावर मी काही वेळ खुर्ची शोधायचेच विसरलो. वर घुमट, त्यावर कवींची आणि नाटककारांची चित्रे, सोनेरी नक्षी, तांबडे मखमली पडदे, बाजूला साहेबलोकांसाठी केलेले बॉक्स, आणि बाहेरच्या दालनात ससून घराण्याने दिलेली झुंबरे. इमारतीचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झाले, तेव्हा बांधकाम अजून चालूच होते. (अपुऱ्या इमारतीचे उद्घाटन करण्याची पद्धत आपल्या पुढाऱ्यांनी काढलेली नाही, हे पाहून बरे वाटले.) पुढे याच रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गाऊन गेले. नंतर सिनेमाने नाटकाला बाहेर काढले आणि ते चित्रपटगृह झाले. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले. १९९३ मध्ये ते बंद पडले, आणि डागडुजी होऊन पुन्हा उघडले ते थेट ऑक्टोबर २०१६ मध्ये. २०१७ मध्ये युनेस्कोने या जीर्णोद्धाराचा गौरवही केला. आज तिथे ५७५ माणसे बसतात.

मी हिशेब केला. तेवीस वर्षे कुलूप! झुंबर तेच, घुमट तोच, जागा मुंबईच्या ऐन मोक्याची, आणि तरीही कुलूप. घसारा काढण्याचे नियम आम्हाला शिकवले जातात. इमारतीचा घसारा दरवर्षी लिहायचा, खुर्च्यांचा वेगळा. पण त्या खुर्च्यांत बसणारा माणूस ताळेबंदात कुठेच येत नाही. तो गेला की सगळी मालमत्ता कागदावर शाबूत राहते आणि दाराला मात्र कुलूप लागते.

त्या संध्याकाळी एक बाई आणि एक गृहस्थ पियानोच्या साथीवर इटालियन व जर्मन गाणी म्हणत होते. आम्ही सर्वांत वरच्या सज्जात होतो. तिथपर्यंत बाईंचा आवाज मायक्रोफोनशिवाय येत होता. भाषा एक अक्षर कळत नव्हती. दारात एक छापील कागद मिळाला होता, त्यात प्रत्येक गाण्याचा अर्थ इंग्रजीत चार ओळींत दिलेला होता. त्या कागदाच्या आधाराने मी दोन तास हललो नाही. टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळेना, म्हणून शेजारच्या आजीबाईंकडे बघून वाजवत होतो. बाहेर पडल्यावर भावाने विचारले, “कसं वाटलं?” मी म्हणालो, “छान.” आणि ते खोटे नव्हते. या दोन तासांचा मला पुढे त्रास होणार होता, पण तो देवासला गेल्यावर.

देवास इंदूरपासून साधारण पस्तीस किलोमीटर. गावाच्या डोक्यावर माताजीची टेकडी. तिच्यावर दोन देव्या, तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. आत्याच्या सासरी चार पिढ्यांपासून मराठी आहे, पण ती मराठी अशी, की “चहा पिऊन घे आणि मग बाजारात फिरून ये, बेटा!” आत्या मूळची आमच्याकडची. मी बोलता बोलता “काय करूलालीस, आत्या?” म्हणालो तर तिच्या डोळ्यांत पाणी आले. तीस वर्षांत हे क्रियापद तिच्या कानावर पडले नव्हते म्हणे.

या गावाची एक गंमत इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपते, पण ती तिथे चालत फिरल्याशिवाय कळत नाही. थोरल्या बाजीरावांच्या काळात तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू माळव्यात आले. त्यांच्या वंशजांची देवासमध्ये दोन संस्थाने झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. रस्त्याच्या या बाजूला एकाचे राज्य, पलीकडे दुसऱ्याचे. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. त्या वर्षीची राजवाड्यातली गोकुळाष्टमी त्याने ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात वर्णन केली आहे. दिवसेंदिवस चाललेले भजन, गुलाल, झांजा, गोंगाट! कशालाच घाट नाही, अभिरुची नाही, अशी त्याची तक्रार आहे. आणि तरी तो तिथून हलत नाही. पुढे ‘अ पॅसेज टु इंडिया’ लिहिताना त्याने तोच उत्सव घेतला आणि प्रोफेसर गोडबोल्यांच्या तोंडी तुकारामाचे नाव घातले. देहूच्या वाण्याचे नाव लंडनमध्ये छापले गेले ते माळव्यातल्या या गावामार्गे. त्या महाराजांचा शेवट मात्र चांगला झाला नाही. कर्जात बुडालेले संस्थान सोडून ते पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले.

आत्याचे सासरे निवृत्त संस्कृत शिक्षक. सगळे त्यांना आबा म्हणतात. लग्नाची धामधूम संपल्यावर ते मला म्हणाले, “मुंबईचं नाटकघर पाहून आलास ना? चल, तुला त्याहून जुनं दाखवतो.” आम्ही बसने इंदूरमार्गे धारला गेलो. धार म्हणजे भोजराजाची धारानगरी आणि पुढे पवारांचीच दुसरी गादी. लाट मशिदीजवळ पडलेले लोखंडी स्तंभाचे प्रचंड तुकडे पाहिले, किल्ल्यावर चढलो. दुसरा बाजीराव याच किल्ल्यात १७७५ मध्ये जन्मला. किल्ल्यावरून गाव दिसते. आबा कठड्याशी टेकले, दम घेतला आणि म्हणाले, “आता नाटक ऐक.”

आबांनी जे सांगितले ते मी घरी येऊन ग्रंथालयात पडताळले आहे. १९०३ साली धारमध्ये, आज जिला भोजशाळा आणि कमाल मौला मशीद अशा दोन नावांनी ओळखतात त्या वास्तूत, काशिनाथ कृष्ण लेले या धार संस्थानातल्या मराठी गृहस्थांना एक कोरलेली शिळा आढळली. (त्या वास्तूवरून जो वाद आहे त्यात मला शिरायचे नाही, माझा विषय शिळेवरच्या मजकुराचा.) त्या शिळेवर चक्क एक नाटक कोरलेले होते! नाव ‘पारिजातमंजरी’, लिहिणारा मदन नावाचा कवी, राजाचा गुरू. राजा म्हणजे परमार घराण्यातला अर्जुनवर्मा, काळ तेराव्या शतकाची सुरुवात. गुजरातच्या राजावर विजय मिळवल्यावर अर्जुनवर्म्याच्या छातीवर आकाशातून पारिजाताची मंजरी पडते आणि तिची एक कन्या होते, अशी कथा. हे नाटक वसंतोत्सवात शारदेच्या मंदिरात व्हायचे आहे, असे त्यातच म्हटले आहे. म्हणजे धारलाही नाटकघर होते. झुंबरे नसतील, पण नाटक दगडात कोरून ठेवण्याची हौस होती, आणि ती मुंबईच्या सोनेरी नक्षीहून लहान म्हणता येत नाही.

नाटकाचे अंक चार. शिळेवर आहेत दोन. उरलेले दोन ज्या शिळेवर होते ती मिळालेली नाही. त्या मंजरीचे पुढे काय झाले हे कोणालाच माहीत नाही.

मला जास्त लागले ते आबांचे पुढचे बोलणे. संस्कृत नाटकांच्या रिवाजाप्रमाणे यातही राजा संस्कृत बोलतो आणि स्त्रिया प्राकृत. त्यातही गद्य शौरसेनीत आणि पद्य महाराष्ट्रीत. महाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हणा. धारच्या रंगमंचावर एकाच प्रवेशात दोन-तीन भाषा चालत होत्या आणि समोरचा प्रेक्षक त्या सगळ्या ऐकत होता. राजाची भाषा कळणारे पहिला प्रवेश पाहून निघून जात आणि राणीची भाषा कळणारे दुसऱ्या प्रवेशाला येत, असे काही त्या शिळेवर लिहिलेले नाही. हे शेवटचे वाक्य माझे. ते मनात आले आणि मी गप्प झालो. आबांना वाटले मी थकलो.

आता माझी गोष्ट सांगितली पाहिजे. आपले स्नेहसंमेलन दोन दिवसांचे असते हे वाचकांना माहीत आहेच. एक दिवस मराठी कार्यक्रमांचा, एक कन्नड. नियम कोणी केलेला नाही, सोयीसाठी पडलेली ती वहिवाट. पहिल्या दिवशी अर्धे सभागृह रिकामे, दुसऱ्या दिवशी उरलेले अर्धे रिकामे. गेल्या वर्षी कन्नड नाटकाचा पहिला अंक सुरू झाला आणि आम्ही सहाजण चहाला म्हणून उठलो ते परत आलो नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गातल्या एका मित्राने, ज्याने त्या नाटकात म्हाताऱ्या बापाचे काम केले होते, मला विचारले, “ह्यांग इत्तु नाटक?” मी म्हणालो, “चलो इत्तु.”

माझी आई कन्नड आहे. माझे शाळेचे शिक्षण मराठीतून झाले, पण आजोळी गेलो की जेवायला कन्नडमध्येच बोलावतात. ते नाटक मला शब्दन्‌शब्द कळले असते. इटालियन गाण्यासाठी मी दोन तास खुर्चीला खिळून बसलो, आणि आईच्या भाषेतल्या नाटकातून पंधरा मिनिटांत चहाला गेलो. ऑपेरा हाऊसमध्ये झुंबर होते, तिकीट महाग होते, उठले तर लोक काय म्हणतील ही भीती होती. आपल्या गॅदरिंगमध्ये यातले काही नव्हते. तिथे तर उठणे हीच शिष्टसंमत गोष्ट होती!

देवासला परतल्यावर एका संध्याकाळी आबांनी मला गाण्याला नेले. हॉल साधा, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे जाजम. माणसे असतील दीडशे. आधी ख्याल झाला, मग कबीराचे निर्गुणी भजन, मग एक माळवी गीत आणि शेवटी मराठी नाट्यपद. माझ्या पुढे एक शेतकरी दिसणारे गृहस्थ बसले होते, डोक्याला साफा. नाट्यपद सुरू झाल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिले. ते उठले नाहीत. मान हलवत होते. मधेच त्यांनी वळून आबांना विचारले, “मास्साब, इसका मतलब?” आबांनी हळूच दोन वाक्यांत सांगितले. गृहस्थ पुन्हा पुढे वळले. झाले! एवढेच.

हे गाव असे का, याचे एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १९४८ च्या जानेवारीत क्षयाने आजारी असलेले एक तरुण गायक कोरड्या हवेसाठी इथे राहायला आले. त्याच वर्षी दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. दोन राजे गेले आणि कुमार गंधर्व आले. पाच-सहा वर्षे अंथरुणावर पडून ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. ती पुढे त्यांच्या गाण्यात आली. १९९२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते देवासमध्येच होते. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर ‘भानुकुल’ मी बाहेरून पाहिले. त्यात ना घुमट ना सज्जे.

आणि हे कुमार गंधर्व म्हणजे कोण? शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, जन्म ८ एप्रिल १९२४, गाव सुळेभावी. आपल्यापैकी कित्येकजण रोज ज्या वाटेने कॉलेजला येतात तिथून ते गाव काही फार दूर नाही. घरची भाषा कन्नड. बाराव्या वर्षाच्या आसपास ते मुंबईला प्रो. बा. र. देवधरांच्या संगीतशाळेत शिकायला गेले. ती शाळा कुठे? त्याच ऑपेरा हाऊसच्या परिसरात! मग बालगंधर्वांची मराठी पदे, कबीराची हिंदी, माळवी लोकधुना, तुकारामाचे अभंग. यांपैकी कुठल्या दिवशी त्यांना बसवायचे? आपल्या गॅदरिंगच्या पहिल्या दिवशी, का दुसऱ्या? आमच्याकडे त्यांच्या नावाचे दोन्ही बाजूंचे हक्कदार भेटतात. देवासमध्ये मला एकही भेटला नाही. तिथे ते नुसते ‘कुमारजी’ आहेत.

कोणी म्हणेल की पोरा, बेळगावातला भाषेचा प्रश्न गॅदरिंगपेक्षा मोठा आहे. आहेच. तो माझ्या कुवतीबाहेरचा आहे आणि या अंकात तो सुटणारही नाही. मराठीतून पाटी हवी, मराठीतून अर्ज स्वीकारावा असे मलाही वाटते आणि ते मी कन्नड मित्रांशी भांडून सांगतो. पण हक्क मागणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या नाटकातून उठून जाणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीने पहिली मिळत नाही. शिवाय इतिहास पाहिला तर आपण ज्यावरून उठतो त्याचेच ऋणी आहोत. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या राजेसाहेबांना हौस वाटली म्हणून. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, आणि त्यांच्या संगीत नाटकांत कानडी चाली होत्या. म्हणजे आपले पहिले नाटक आणि आपले संगीत नाटक, दोन्ही कानडी खेळ मन लावून पाहिलेल्या आणि ऐकलेल्या माणसांच्या हातून आले. ते मराठी प्रेक्षक चहाला गेले असते तर?

तेव्हा सभागृह बांधावे, जरूर बांधावे. पंखे चांगले असावेत, जुन्यासारखे नाटकातल्या मरणाच्या प्रसंगी कुरकुरणारे नकोत. पण त्या आधी, जुन्याच हॉलमध्ये, पैसा न लागणारे एक काम करून पाहावे असे माझे मत आहे. दोन दिवसांची वाटणी मोडून दोन्ही दिवशी दोन्ही भाषांचे कार्यक्रम सरमिसळ ठेवावेत. मराठी एकांकिका झाली की लगेच कन्नड एकांकिका. आणि ऑपेरा हाऊसच्या दारात मला मिळाला तसा एक कागद प्रत्येकाच्या हाती द्यावा. मराठी नाटकाचा गोषवारा कन्नडमध्ये, कन्नड नाटकाचा मराठीत. छपाईचा खर्च मी काढला आहे. गेल्या वर्षी फुलांच्या तोरणांवर झाला त्याहून तो कमी येतो.

हीच सूचना या वार्षिकालाही लागू आहे. इकडून उघडले की मराठी विभाग, तिकडून उघडले की कन्नड, आणि मधली जाहिरातींची पाने ही सरहद्द. मी तीन वर्षांत ती ओलांडलेली नाही. वाचकहो, आपण?

काही प्राध्यापकांना ही सूचना मी तोंडी सांगितली. एकजण म्हणाले, गोंधळ होईल. एकजण म्हणाले, शिट्ट्या वाजतील. वाजतील कदाचित. फॉर्स्टरलाही गोकुळाष्टमीत गोंगाटच ऐकू आला होता.

यंदाच्या कन्नड नाटकात त्याच मित्राचे काम आहे. त्याला मी गेल्या वर्षीचे खरे सांगितले. तो थोडा वेळ बोलला नाही, मग नाटकाची वही माझ्यापुढे टाकून म्हणाला, “मग लिही तूच गोषवारा.” माझे कन्नड वाचन बसच्या पाट्यांपुरते, एक पान वाचायला अर्धा तास लागतो. पहिला अंक झाला आहे. दुसऱ्यात बापाच्या तोंडी एक म्हण आहे, तिला मराठीत काय म्हणायचे ते सुचत नाही. रविवारी आईला विचारणार आहे.